खालच्या ओळीतली माणसं

‘श्री ४२०’मधलं छत्रीखालचं गाणं पुन्हा एकदा ऐका. मन्ना डे आणि लताबाईंचे आवाज या वेळी बाजूला राहू द्या आणि लक्ष व्हायोलिनांवर ठेवा. गायकानं सूर लांबवला की ती हलू लागतात. शब्द परत सुरू झाले की मागे सरतात आणि एखादा सूर धरून थांबतात. मुख्य चालीच्या खालून दुसरी एक चाल चाललेली असते. मी जुनी गाणी गेली कित्येक वर्षं अशीच ऐकत आलो आहे. या ऐकण्याचं वेड मला लावलं वाद्यसंयोजक (अरेंजर) सेबॅस्टियन डिसोझा यांनी, आणि आज त्यांच्याविषयी नि त्यांच्या सोबत्यांविषयी भरभरून लिहायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यकच. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकलेली मुलं पोटासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात गेली; लष्करी बँड, हॉटेलं, मूकपटांचे वाद्यवृंद अशी कामं त्यांनी केली. १९३१मध्ये बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या स्टुडिओंना पन्नास जणांनी कागद बघून एकसाथ वाजवावं अशी गरज भासू लागली. ते येत होतं मुख्यतः गोवेकरांना. इतकं पुरे.

खरी गंमत पुढे आहे. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. सिटिंगला अरेंजर हजर असे. तो ती चाल पाच रेषांच्या कागदावर उतरवून घेई आणि मग मुखड्याआधी काय वाजेल, दोन अंतऱ्यांच्या मधे कोणती वाद्यं येतील, चेलो कुठे शिरेल, बासरी कुठे गप्प राहील, हे ठरवून प्रत्येक वादकाचा कागद तयार होई. रेकॉर्डिंगला ट्रॅक एकच. सोलो वाजवणारा माईकजवळ, ट्रम्पेटवाले लांब. शेवटच्या अंतऱ्यात एकाचं बोट घसरलं तरी सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. संध्याकाळी पैसे घेऊन माणसं पांगत आणि कागदांचं काम संपलेलं असे. त्यातले बहुतेक कागद रद्दीत गेले. आपल्या संगीताच्या इतिहासातलं हे मोठं नुकसान आहे असं मी मानतो. जुन्या चित्रपटांची पोस्टरं आपण चौकटीत घालून भिंतीवर लावतो, आणि ज्या कागदांवरून गाणं प्रत्यक्ष वाजलं ते मात्र कुणी जपले नाहीत.

सेबॅस्टियन मूळचे बार्देशातल्या रेइश मागुशचे. फाळणीपूर्वी लाहोरला हॉटेलात बँड चालवत होते. लाहोर सुटलं, मुंबई आली. ओ. पी. नय्यर यांच्याकडे काम केलं आणि १९५२च्या सुमारास शंकर-जयकिशन यांच्याकडे आले, ते पुढची वीसेक वर्षं तिथेच राहिले. त्यांच्यापुढचा पेच समजून घेण्यासारखा आहे. आपली चाल एकेरी असते, रागाच्या वळणानं जाते. तिच्यावर पाश्चात्त्य पद्धतीनं तीन-तीन, चार-चार स्वरांचे जाड गठ्ठे रचले की मींड गुदमरते. सेबॅस्टियन यांनी गठ्ठे कमी केले आणि व्हायोलिनांना स्वतंत्र चाल दिली. ती गायकाशी बोलते, त्याला अडवत नाही. नदीच्या काठानं पायवाट जावी, कधी पाण्याजवळ, कधी झाडीत, तशी ती चालते. ‘चोरी चोरी’ घ्या, ‘यहुदी’ घ्या. अंतऱ्याच्या शेवटी, जिथे गायक श्वास घेतो, तिथे काय भरलं आहे ते ऐका. शंकर-जयकिशन यांच्या चालींचा मोठेपणा यानं तसूभरही कमी होत नाही. पण त्या गाण्यांचा जो भव्यपणा आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या खालच्या ओळीचा आहे, हे माझं ठाम मत. पडद्यावर सेबॅस्टियन यांची ओळख ‘सहायक’ एवढीच, दत्ताराम यांच्या शेजारी. दत्ताराम वाडकर तालाचे उस्ताद. ढोलकीचा त्यांचा ठेका वादक मंडळी आजही ‘दत्तारामचा ठेका’ म्हणूनच ओळखतात. खालच्या ओळीतला माणूस नावानं उरला, असं उदाहरण विरळाच. सेबॅस्टियन १९९८मध्ये गेले, दत्ताराम २००७मध्ये.

दुसरं उदाहरण अर्थातच अँथनी गोन्साल्विस यांचं. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) पाहणाऱ्या बहुतेकांना वाटतं की प्रचंड अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडी घातलेलं ते नाव काल्पनिक आहे. माणूस खरा होता. चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू, आणि शिष्यानं गुरूचं नाव देशभर पोचवलं ते असं. १९२७मध्ये साष्टीतल्या माजोर्ड्यात जन्म. वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक. सोळाव्या वर्षी, १९४३मध्ये, अँथनी मुंबईला आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले.

त्या नावापायी मी माजोर्ड्याला गेलो. चर्चसमोरच्या पायऱ्यांवर दुपारभर बसलो. आत कुणीतरी ऑर्गनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं. चुकलं की थांबायचं, परत पहिल्यापासून. जाता जाता सांगायला हवं की गोव्याचा पावही याच गावचा असं सांगतात. जेझुइट पाद्र्यांनी इथल्या लोकांना तो भाजायला शिकवला, पीठ फुगवायला माडाची सूर वापरून. एका गावानं मुंबईला न्याहारीही द्यावी आणि व्हायोलिनही द्यावं, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं.

अँथनी पुढे अरेंजर झाले, पण त्या कामावर त्यांचं समाधान नव्हतं. राग आणि सिंफनी यांना एकत्र नांदवायचं त्यांच्या मनात होतं. १९५८मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. शंभराहून अधिक कलावंत, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तोडी थाटातला व्हायोलिनचा कॉन्चेर्तो, सारंग रागातला आणखी एक, अशा त्यांच्या रचना. तोडीचा कोमल रिषभ पन्नास व्हायोलिनांनी एकदम लावायचा, म्हणजे किती सराव झाला असेल! चित्रपटसृष्टीत याला पुढे वाव मिळाला नाही. १९६५मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर सिनेमापासून लांब, माजोर्ड्यातच राहिले. जानेवारी २०१२मध्ये तिथेच त्यांचं आयुष्य संपलं.

चिक चॉकलेटची गोष्ट याहून रंगीत. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटवर जीव टाकणारा हा माणूस ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. आमच्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं आणि ‘अलबेला’ (१९५१) झाला. भगवानदादा नाचतात, आणि मागे झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून चिक आणि त्याचा बँड स्वतः वाजवतो. वादकांचे चेहरे पडद्यावर येण्याचा हा दुर्मीळ योग. १९६७मध्ये, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना, चिक गेला. त्याच्याबरोबरीचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांद दीर्घायुषी ठरले. त्यांनी तर कोंकणी चित्रपटही काढले: १९६३चा ‘आमचें नशीब’ आणि १९६६चा ‘निर्मोण’. दोन्हींचं संगीतही त्यांचंच.

धोबी तलावच्या गल्ल्यांत मी आवर्जून फिरतो. गोव्याच्या एकेका गावाची ‘कूड’ इथे होती. खलाशी, आचारी, वादक स्वस्तात राहत, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत. जेर महालमध्ये फुर्तादोचं दुकान आहेच, १८६५पासूनचं नाव. काचेत टांगलेली व्हायोलिनं बघत मी दर वेळी नको इतका वेळ उभा राहतो.

ज्यांना या मंडळींची नावं आणि वाजवणं एकत्र हवं, त्यांनी शंकर-जयकिशन यांची १९६८ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी मिळवावी. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर ल्युसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्यो. गायक नाहीत, त्यामुळे खालची ओळ वर आलेली आहे.

आता एक मागणी. अँथनी यांच्या तोडी आणि सारंग रागांतल्या रचना मोठ्या वाद्यवृंदानं रसिकांपुढे वाजवाव्यात. मुंबईत २००६पासून ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, एनसीपीएचं सभागृह आहे, आणि पणजीत कला अकादमी आहे. पहिला कार्यक्रम मात्र झेवियर्सच्या चौकात व्हावा, आणि पत्रिकेवर प्रत्येक वादकाचं नाव छापावं, शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यासकट.