कार्यस्थळ मानसशास्त्र (धाराशिव जिल्हा)

कार्यस्थळ मानसशास्त्र ही मानसशास्त्राची उपयोजित शाखा होय. काम करणाऱ्या माणसाचे मानसिक स्वास्थ्य, त्याची कार्यप्रेरणा, सहकाऱ्यांशी असणारे संबंध आणि काम करवून घेणाऱ्याचे नेतृत्व यांचा अभ्यास ती करते. कारखाना आणि कार्यालय ही या शाखेची मूळ अभ्यासक्षेत्रे होत. महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मात्र बहुसंख्य लोकांचे कार्यस्थळ शेत, ऊसाचा फड किंवा गावातील घरोघरचा उंबरठा हे आहे. त्यामुळे या शाखेची तत्त्वे अशा कामांना कितपत लागू पडतात, हे तपासण्यासाठी हा जिल्हा महत्त्वाचा ठरतो. येथील अनुभवावरून असे दिसते की, कामाच्या रचनेत श्रमिकाला निर्णयाचा वाटा आणि सोबत्यांचा आधार मिळाला, तरच समुपदेशन व नेतृत्व यांचा उपयोग टिकाऊ होतो.

संकल्पना आणि विकास

अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांमुळे कामगारांच्या भावना, गटातील संबंध आणि वरिष्ठांचे लक्ष यांचा कामावर होणारा परिणाम चर्चेत आला. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. तथापि कामगाराकडे केवळ यंत्राचा भाग म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांमुळे बदलू लागली.

कामाच्या ताणाचे स्पष्टीकरण देणारी दोन प्रतिमाने विशेष प्रसिद्ध आहेत. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘मागणी–नियंत्रण’ प्रतिमानानुसार कामाचा बोजा मोठा आणि ते काम कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार अल्प, अशा स्थितीत ताण सर्वाधिक असतो. बोजा मोठा असूनही अधिकार हाती असेल, तर तेच काम शिकण्याची संधी ठरू शकते. सहकारी व वरिष्ठ यांच्याकडून मिळणारा आधार हा तिसरा घटक या प्रतिमानात नंतर जोडण्यात आला. योहानेस सीगरिस्ट यांचे १९९६ मधील ‘श्रम–मोबदला असंतुलन’ प्रतिमान असे सांगते की, घातलेले कष्ट आणि मिळणारा पैसा, मान व शाश्वती यांचा मेळ न बसल्यास प्रकृतीवर दुष्परिणाम होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या हतबल थकव्याची नोंद आपल्या रोगवर्गीकरणात केली. त्याला स्वतंत्र आजार न मानता, दीर्घकाळ न हाताळलेल्या कार्यताणाचा परिणाम मानले आहे. २०२२ मध्ये संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यक्तीला ताण सोसण्यास शिकवण्याबरोबरच ताण निर्माण करणारी कामाची परिस्थिती बदलावी, असे त्यांत सुचवले आहे.

जिल्ह्यातील कामाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती आणि तीत ग्रामीण भागात राहणाऱ्यांचे प्रमाण चार-पंचमांशांहून अधिक होते. बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे घेतले, त्यांत नंदुरबार, वाशिम व गडचिरोली यांच्याबरोबर या जिल्ह्याचा समावेश होता.

कोरडवाहू शेतकरी वरकरणी स्वतःचा मालक असतो. पेरणी केव्हा करावी, कोणते पीक घ्यावे, हे तोच ठरवतो. परंतु पाऊस, बाजारभाव आणि कर्जाचे हप्ते हे उत्पन्न ठरवणारे घटक त्याच्या हाती नसतात. मागणी–नियंत्रण प्रतिमानाच्या भाषेत ही नाममात्र नियंत्रणाची स्थिती होय. अशा स्थितीतील अपयशाचा दोष शेतकरी स्वतःकडे घेण्याचा संभव अधिक असतो.

आर्थिक ओढाताणीचा विचारशक्तीवर होणारा परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली. हाती पैसा नसताना त्याच शेतकऱ्यांची कामगिरी खालावलेली आढळली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आशय असा की, पैशाची विवंचना मनाची बरीच जागा व्यापते आणि इतर निर्णयांसाठी कमी जागा उरते. म्हणून टंचाईच्या काळात घेतलेल्या चुकीच्या निर्णयावरून शेतकऱ्याच्या कुवतीचे माप काढणे योग्य ठरत नाही.

ऊसतोड मजूर

बीड जिल्ह्याप्रमाणेच धाराशिव जिल्ह्यातूनही अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. या व्यवस्थेत पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ समजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते आणि ती तोडलेल्या ऊसाच्या वजनावर फेडली जाते. एखाद्या दिवशी काम न झाल्यास ‘खाडा’ धरून दंड आकारण्याची पद्धत आहे.

कार्यताणाच्या दोन्ही प्रतिमानांतील धोक्याचे घटक येथे एकत्र आढळतात: पहाटेपासूनचे जड काम, कामाच्या वेळेवर अधिकार नसणे, आजारपणातही सुटी महाग पडणे आणि आगाऊ रकमेमुळे काम सोडता न येणे. स्त्रियांवर मोळ्या वाहण्याबरोबर स्वयंपाक व मुलांचा सांभाळ यांचाही भार असतो. टोळी जमवणे, तिचे भांडण मिटवणे, कारखान्याशी बोलणे ही कामे मुकादम करतो, म्हणून तो टोळीचा नेता असतो. पण तोच तिचा सावकारही असतो. ज्याचे देणे आहे त्याच्यासमोर अडचण मोकळेपणाने सांगणे अवघड जाते. या मजुरांच्या कल्याणासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालेले आहे.

प्रेरणा प्रकल्प आणि आशा स्वयंसेविका

शेतकऱ्यांमधील वाढते नैराश्य व आत्महत्या लक्षात घेऊन २०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. त्याच सुमारास सार्वजनिक आरोग्य विभागाने विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ ही शेतकरी समुपदेशन सेवा आरंभली. या प्रकल्पात आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन ताणाची लक्षणे असलेल्या व्यक्ती शोधतात. पुढील समुपदेशन व उपचार आरोग्य केंद्रे आणि जिल्हास्तरीय पथक यांच्यामार्फत होतात. १०४ या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा (क्रमांक १४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

गावातल्याच प्रशिक्षित व्यक्तीकडून मानसिक आरोग्याचे काम होऊ शकते, याला महाराष्ट्रात आधार आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र दुसऱ्याचा ताण ओळखणारी आशा स्वतःही एक श्रमिक आहे. २००५ मधील राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झाले. तिला कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले जाते आणि मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. लसीकरण, प्रसूती, क्षयरोग, सर्वेक्षण अशा कामांत मानसिक आरोग्याची भर पडते. मोबदल्याच्या प्रश्नावर राज्यातील आशांनी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संप केले. श्रम–मोबदला असंतुलनाचे हे ठळक उदाहरण आहे. दुःखाच्या कहाण्या रोज ऐकणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी जागा नसेल, तर सेवेचा दर्जा टिकणे कठीण होते.

नेतृत्व

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार लोकांचा बळी घेतला. पुनर्वसनाच्या काळात नेतृत्वविकासाचे दोन वेगळे मार्ग या भागात रुजले.

पहिला मार्ग स्त्रियांच्या गटांचा होता. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. शासकीय योजना समजावून सांगणे, कामावर देखरेख ठेवणे आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे ही त्यांची कामे होती. पुढे संस्थेने ‘एक एकर’ शेतीचे प्रतिमान विकसित केले. त्यात कुटुंबाच्या जमिनीचा छोटा तुकडा स्त्रीकडे सोपवला जातो आणि त्यावर अन्नधान्य व भाजीपाला घेण्याचे निर्णय तीच करते. २०१६ मध्ये संस्थेस संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या सिद्धान्ताशी हा अनुभव जुळतो. ‘मला हे जमते’ हा विश्वास उपदेशाने फारसा वाढत नाही. स्वतः पार पाडलेल्या कामातून आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यक्तीचे यश पाहून तो वाढतो.

दुसरा मार्ग शिक्षणाचा. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील हराळी येथे काम सुरू केले. तेथे निवासी शाळा उभी राहिली. बुद्धिमापन आणि नेतृत्वगुणांचा विकास हे प्रबोधिनीच्या कार्याचे आरंभापासूनचे विषय आहेत.

गटातील नेतृत्वासंबंधी एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पनाही येथे उपयोगी पडते. चूक किंवा शंका बोलून दाखवल्यास अपमान होणार नाही, अशी खात्री ज्या गटात असते तो गट लवकर शिकतो. बचत गटाच्या बैठकीत हप्ता थकल्याचे सदस्याला निर्धास्तपणे सांगता येते की नाही, ही तिची साधी कसोटी होय.

मर्यादा

कार्यस्थळ मानसशास्त्राचे बरेचसे संशोधन पगारी नोकरदारांवर झालेले असल्याने त्याचे निष्कर्ष शेतकरी व हंगामी मजूर यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, की ऊसाच्या तोडणीचा दर वाढत नाही. ताणाची सर्व जबाबदारी व्यक्तीच्या मनोवृत्तीवर टाकल्यास धोरणांतील उणिवा झाकल्या जातात, असा आक्षेप या शाखेवर घेतला जातो. दुसऱ्या बाजूने, नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. आर्थिक प्रश्न सुटेपर्यंत उपचार थांबवून ठेवणे धोक्याचे ठरते. त्यामुळे उपचार आणि कामाच्या परिस्थितीतील सुधारणा ही दोन्ही कामे एकाच वेळी चालवावी लागतात.