चौथ्या थरातला मुलगा

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. वरळी नाक्याकडून आत वळलं की आधी टॉवरचे दिवे दिसतात, चाळी त्यानंतर. पाऊस थांबून तास झालाय, पण वारा नाही. शर्ट पाठीला चिकटतो. जांबोरी मैदान ओलांडून दोन चाळींच्या मधल्या जागेत शिरायचं. फरशीवर पाणी साचलंय, दोन पोरं खराट्यानं ते गटाराकडे ढकलतायत. कोरडी जमीन हवी. आज दहीहंडीच्या थरांचा सराव आहे.

अजून निम्मी मुलं यायचीत. तोवर थांबायचं.

जिन्याखाली पिवळ्या बल्बच्या उजेडात कॅरम चाललाय. बोर्डावर पावडर भुरभुरली जाते, तळव्यानं पसरली जाते. पावडर कमी पडली की स्ट्रायकर अर्ध्या वाटेत मरतो. घर्षण जिंकतं. "अजून टाक रे," एक काका म्हणतात आणि डबी फिरते.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आठवीतली एक मुलगी वही मांडीवर घेऊन बसलीय. विज्ञानाचं पुस्तक उघडं आहे, धडा 'बल व दाब'. आत तिच्या घरी टीव्ही, कुकर, पाहुणे आणि धाकटा भाऊ असं सगळं एकाच खोलीत आहे. खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ, दोन्हीकडे दारं, एका मजल्यावर अशा २० खोल्या, चार मजल्यांत ८०. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारनं बांधलेल्या अशा १२१ चाळी एकट्या वरळीत होत्या. त्यांतल्या काही पडल्या आणि तिथे चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. अभ्यासासाठी जिना मात्र शंभर वर्षं टिकून आहे.

बाहेर एका टेबलापाशी रांग लागलीय. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो. विम्याचे अर्ज भरून घेतले जातायत. टेबलामागचा दादा प्रत्येकाची जन्मतारीख मोठ्यानं वाचतो. चौदा पूर्ण नसतील तर वर चढायचं नाही. एक बारकं पोरगं तारीख ऐकून गप्प बाजूला होतं आणि हेल्मेटच्या गोणीवर जाऊन बसतं.

हळूहळू मुलं जमतात. कुणी डिलिव्हरीची पिशवी पाठीवरून उतरवतो. कुणी मॉलचा युनिफॉर्म बदलून हाफ पँट चढवतो. सगळे अनवाणी. पायाचे तळवे टॉवेलनं पुसून घेतात, मानेवरचा घामही पुसतात. ओल्या खांद्यावर ओला पाय टिकत नाही. कॅरमवर जे घर्षण नको म्हणून पावडर सांडली, तेच इथे हवंय आणि जपावं लागतंय.

सराव घेणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात. पन्नाशीचे, बुटके, आवाज घोगरा. शिट्टी वाजते. बजरंग बलीचा जयघोष होतो आणि पहिला थर लागतो.

बाराजण गोल करून, तोंड आत, हात एकमेकांच्या खांद्यांवर. त्यांच्या मागे आणखी दोन रांगा. या मागच्यांनी पुढच्याच्या पाठीला तळवे लावलेत. वरून दाबलेला गोल बाहेरच्या बाजूला फुटू पाहतो. तो फुटू नये म्हणून हे तळवे आत रेटत असतात. टाळ्या यांच्या वाट्याला कधीच येत नाहीत, फोटोतही यांची फक्त पाठ दिसते.

दुसऱ्या थराला सहाजण. तिसऱ्याला तिघं. त्यावर एक्के: एकावर एक, तीन.

"मान खाली घाल! वर कुणी बघायचं नाही!" भाऊ ओरडतात. "पाय मानेजवळ ठेव, टोकाला नको!"

खांद्याच्या टोकावर पाय पडला की खांदा खाली वळतो, कारण भार कण्यापासून लांब गेला. मानेच्या मुळाशी पाय ठेवला तर तोच भार सरळ कण्यातून, कमरेतून, टाचेतून जमिनीत उतरतो. दोन्हींत अंतर चार बोटांचं आहे.

मी खाली उभी राहून वजनांची बेरीज करते. सगळ्यात वरचा मुलगा ३५ किलोचा धरू, त्याखालचा ४५, त्याखालचा ५५. तिघांचे मिळून १३५ किलो तिसऱ्या थरातल्या तिघांवर, म्हणजे सरासरी ४५. वरच्याचे पाय दोनच असल्यानं सगळा भार दोघांवर आला, तरी प्रत्येकी ६७-६८. हे तिघं साठ-साठ किलोचे धरले तर दुसऱ्या थरातल्या सहाजणांवर एकूण ३१५, प्रत्येकी साडेबावन्न. ते सहा पासष्टचे धरले तर तळाच्या बाराजणांवर ७०५ किलो. प्रत्येकी ५९ च्या आत. म्हणजे वर थर चढत गेले तरी खाली एकेकट्यावर येणारा भार फारसा वाढत नाही, कारण खांदेही वाढत जातात. ही मांडणी कागदावर कुणी काढून दिलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या पडून-उठून ठरलीय.

मग सगळ्यात जास्त भार कुणावर? तळाला नाहीच. चौथ्या थरातल्या त्या एकट्या मुलावर, ज्याच्या खांद्यावर दोघांचा भार आहे. ३५ अधिक ४५, ८० किलो. न्यूटनमध्ये मोजलं तर ७८४. त्याचं स्वतःचं वजन ५५. आपल्या वजनाच्या जवळजवळ दीडपट ओझं तो जमिनीपासून चार मीटर उंचावर, दुसऱ्यांच्या खांद्यांवर उभं राहून पेलतोय. सगळ्यांची नजर वरच्या बाळाकडे असते. मी मात्र याच्याकडे बघते. मांड्या थरथरतायत. पोटरीची शीर उठलीय. ओठ आत ओढलेले. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येतो आणि तिथेच लोंबतो, पुसायला हात मोकळा नाही.

"सावकाश उठ! झटका देऊ नको!"

पाचव्या थरातला मुलगा बसल्याचा उभा राहतोय. झटक्यात उठला तर क्षणभर खालच्याला त्याचं वजन जास्त लागतं. वर जाण्यासाठी तो खाली रेटणारच. म्हणून इंचाइंचानं उठायचं.

सहावा वर पोचतो. पाठीला गच्चीवरून सोडलेला दोर, डोक्यावर हेल्मेट. पाय साधारण साडेसहा मीटरवर. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतल्या काकू हात जोडून उभ्या आहेत. तो एक हात वर करतो. सलामी.

मनोरा थांबलेला आहे. काहीच हलत नाही आणि तरी अंगाअंगात जोर लागलाय. जितकं वरून खाली, तितकंच खालून वर. बलं एकमेकांना तोलून धरतात तेव्हा बाहेरून फक्त स्तब्धता दिसते. बिनबलाची स्तब्धता वेगळी, ही वेगळी.

उतरणं अवघड असतं. दमलेले स्नायू तेव्हाच दगा देतात. पाचवा परत खाली बसताना डावीकडचा खांदा खचतो, चौथा कलतो, आणि त्याच्या अंगातून जाणारी उभी रेषा पायांबाहेर पडते. "धरा!" पन्नासएक हात वर जातात. सगळ्यात वरचा दोरावर लोंबकळतो. बाकीचे दोघं हातांवर, मग गादीवर.

दोर नसता तर साडेसहा मीटरवरून पडणारा मुलगा जमिनीला टेकेपर्यंत ताशी ४० किलोमीटरच्या वेगात असता. हा वेग फरशी काही सेंटिमीटरांत थांबवते, म्हणून हाड मोडतं. हात खाली खाली जात झेलतात, मीटरभर अंतरात थांबवतात. अंतर दहापट वाढलं की बसणारा मार साधारण दहापट कमी होतो. पोरांना हे ठाऊक आहे. म्हणून झेलताना कोपर ताठ ठेवत नाहीत.

चौथ्या थरातला मुलगा उठून बसतो. खांद्यावर पावलाचा लाल ठसा उमटलाय, अंगठा वेगळा ओळखू येतो. कुणीतरी पाण्याची बाटली देतं. भाऊ त्याच्या मानेला हात लावून बघतात. "दुखतंय?"

"नाय भाऊ. परत लावू."

परत मनोरा लागतो. यावेळी सहाही थर चढतात आणि नीट उतरतात. अकरा वाजून गेलेत. खिडक्या मिटू लागतात. गाद्या गुंडाळल्या जातात.

"सातवा कधी?" कुणीतरी विचारतं.

भाऊ उभ्या मुलांवरून नजर फिरवतात, ओठांत पुटपुटत मोजतात. सातव्यासाठी आताच्या बाराजणांच्या खाली नवा तळ लागणार. त्या बाराजणांचंही वजन धरलं की एकूण भार दीड टनाच्या वर जातो, आणि माणशी भार आजच्याइतकाच ठेवायचा तर सव्वीस खांदेकरी हवेत, शिवाय मागून रेटणारे वेगळे.

"सेकंड शिफ्टवाले शनिवारी मोकळे असतात," ते म्हणतात. "शनिवारी बघू. सगळ्यांना मेसेज टाका."