चुकीच्या हातीं पडलेलें पार्सल

शेतकऱ्याच्या घरीं येणारें पार्सल आणि शहरांतील गृहस्थाच्या घरीं येणारें पार्सल यांत एक मोठा भेद आहे. शहरांतील गृहस्थाचें कापड चार दिवस उशिरां आलें तर त्याची गैरसोय होते, पण कापड हें कापडच राहतें. शेतकऱ्याच्या पार्सलांत मात्र बहुधा असा माल असतो कीं, ज्याची किंमत वेळेवर अवलंबून असते. मृगाची पेरणी साधण्यासाठीं मागविलेलें बियाणें, मुळांशीं ओली माती ठेवून पाठविलेलीं आंब्याचीं कलमें, ऐन पाण्याच्या पाळीला बंद पडलेल्या पंपाचा सुटा भाग, किंवा आपणच पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास पाठविलेली हापूसची पेटी, यांपैकीं कांहींही भलत्याच माणसाच्या हातीं पडलें तर नुसती वस्तु जात नाहीं, हंगाम जातो. आणि गेलेला हंगाम कोणतीही कचेरी भरून देऊं शकत नाहीं. म्हणून या बाबतींत शेतकऱ्यानें एक नियम पक्का ध्यानांत धरावा. आधीं माल हातीं आणावा, भरपाईचें भांडण मागाहून करावें. परंतु मागाहून करावयाच्या त्या भांडणाचा कागद मात्र पहिल्याच दिवशीं तयार ठेवावा.

पार्सल भलतीकडे कां जातें

आपल्याकडे एकाच गांवांत एका आडनांवाचीं वीस-पंचवीस घरें असणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि भावकींत तेंच नांव पुनःपुनः येतें. गांवांच्या नांवांचीही तीच कथा. वडगांव, पिंपळगांव, नांदगांव हीं नांवें किती तालुक्यांत सांपडतील याची मोजदाद करणें कठीण आहे. हाच घोंटाळा टाळावा म्हणून टपाल खात्यानें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकड्यांचा पिन कोड सुरू केला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या अधिकाऱ्यानें सिद्ध केली. हे गृहस्थ संस्कृतचे कवि म्हणूनही प्रसिद्ध होते. यांतील पहिला आंकडा देशाचा विभाग दाखवितो व महाराष्ट्रासाठीं तो ४ आहे; शेवटचे तीन आंकडे टपाल वाटणारी कचेरी दाखवितात. परंतु खेड्यापाड्यांत एका पिन कोडाखालीं पुष्कळदां अनेक गांवें व वाड्या येतात. सबब पिन कोड बिनचूक असला तरी तेवढ्यानें पार्सल आपल्याच उंबऱ्याशीं येईल असें नाहीं.

तिसरें कारण शेवटच्या टप्प्याचें आहे. पार्सल शेकडों मैल बिनबोभाट येतें आणि एस. टी. च्या फाट्यावर, चहाच्या दुकानीं किंवा वाण्याच्या ओट्यावर चुकतें. आणणारा घाईंत असतो, घेणारा ओळखीचा वाटतो, आणि "तुमच्या भाऊबंदांचेंच आहे, घेऊन जा" एवढ्या बोलण्यावर माल हातोहात जातो. यांत कोणाची लबाडी असतेच असें नाहीं. बहुतेक वेळां ती निव्वळ निष्काळजी असते, आणि म्हणूनच तिचा उलगडा गोडीनें होऊं शकतो.

हात बदलला तरी मालकी बदलत नाहीं

"मला आणून दिलें, मीं मागितलें नव्हतें, मग तें माझें" असा एक समज खेड्यांत व शहरांतही आढळतो. तो साफ चुकीचा आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ७२ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, चुकीनें ज्यास पैसा दिला गेला किंवा वस्तु दिली गेली, त्यानें ती परत केली पाहिजे. चूक देणाऱ्याची होती, एवढ्यानें घेणाऱ्यास मालकी मिळत नाहीं.

अजाणतेपणीं पार्सल स्वीकारणें हा गुन्हा नव्हे. परंतु तें दुसऱ्याचें आहे हें कळल्यावरही जो अप्रामाणिकपणें तें दडवितो, विकतो किंवा वापरतो, त्याची गोष्ट निराळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाप्रमाणें दुसऱ्याची जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणें आपलीशी करणारास निदान सहा महिने व जास्तींत जास्त दोन वर्षें कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा सांगितली आहे. हें कलम दाखवून शेजाऱ्यास धाक घालावा असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि दोन्ही बाजूंस आपली जागा ठाऊक असली म्हणजे बोलणें लवकर ताळ्यावर येतें.

दुसऱ्याचें पार्सल आपणाकडे आलें तर

पहिली गोष्ट ही कीं, वरचें नांव वाचल्यावांचून सही करूं नये, पैसे देऊं नयेत व मोबाइलवर आलेला सांकेतिक आंकडा सांगूं नये. सही किंवा तो आंकडा दिला कीं, आणणाऱ्याच्या दप्तरीं "माल पोंचला" अशी नोंद होते, आणि मग खरा मालक कितीही ओरडला तरी प्रथम त्यासच खोटें ठरविण्यांत येतें.

माल घरीं आल्यावर चूक ध्यानांत आली तर पार्सल फोडूं नये. वरच्या पत्त्यावर किंवा मोबाइलवर त्याच दिवशीं निरोप द्यावा, व ज्यानें तें आणलें त्यासही कळवावें. नेण्यास कोणी आलें तर नांव व पावतीचा क्रमांक ताडून पाहावा आणि परत दिल्याची सही घ्यावी. नाहींतर एका चुकीच्या हातांतून तें दुसऱ्या चुकीच्या हातांत जावयाचें. तोंपर्यंत माल आपल्याच मालाप्रमाणें जपावा. रोपें असतील तर सावलींत ठेवून पाणी शिंपडावें. बियाण्याची पिशवी ओल व उंदीर यांपासून दूर, फळीवर ठेवावी. खताची गोणी उघड्यावर टाकूं नये.

नासणाऱ्या मालाविषयीं प्रश्न येतो. कोठें बेवारस सांपडलेली वस्तु नासण्याच्या बेतांत असेल व योग्य तपास करूनही मालक मिळत नसेल, तर सांपडणाऱ्यास ती विकण्याची मुभा करार कायद्याच्या १६९ व्या कलमानें दिली आहे, आणि ती देखील नित्य विक्रींत असणाऱ्या वस्तूपुरती. परंतु पार्सलावर मालकाचें नांव-गांव लिहिलेलें असतें. तेव्हां मालक मिळाला नाहीं ही सबब सहसा टिकणार नाहीं. हापूसची पेटी मधून मधून उघडून वारा दिला तर तें मालाचें रक्षण होईल. चार डझन वांटून खाल्ले तर त्यास रक्षण म्हणतां येणार नाहीं.

आपलें पार्सल दुसऱ्याकडे गेलें तर

प्रथम माल पाठविणाऱ्याकडून पावतीची प्रत व क्रमांक मागवावा. नंतर आणणाऱ्या कचेरींत जाऊन माल कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणाच्या सहीनें दिला याची नोंद पाहावयास मागावी. "दिला आहे" एवढ्या उत्तरावर परतूं नये; कोणास दिला हें लिहून मागावें. नांव कळलें कीं, गांवांतील एखाद्या वडीलधाऱ्यास बरोबर घेऊन, पावती दाखवून, शांतपणें माल मागावा. पुष्कळ प्रकरणें येथेंच मिटतात, कारण घेणाराही अडचणींत सांपडलेलाच असतो.

तो नाकबूल झाला किंवा माल वापरून बसला तर तक्रार तत्काळ लेखी करावी. तींत माल, वजन, किंमत, पावतीचा क्रमांक, पाठविल्याची तारीख व कोणास दिला गेला हें लिहावें, आणि एका प्रतीवर पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीस कायद्याच्या दृष्टीनें फारशी किंमत नाहीं. आणि मुदतीही ठराविक आहेत.

रेल्वेनें पाठविलेल्या मालाविषयीं १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १०६ वें कलम सांगतें कीं, माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांचे आंत भरपाईची लेखी मागणी केली पाहिजे. त्याच कायद्याच्या ८० व्या कलमाप्रमाणें, रेल्वेची रसीद जो हजर करील त्यास माल दिला असतां, तो माणूस खरा हक्कदार नव्हता म्हणून रेल्वेस दोष देतां येत नाहीं. यावरून रसीद हीच मालाची किल्ली आहे हें उघड होईल. ती ट्रकवाल्याच्या किंवा अनोळखी हमालाच्या हातीं देऊं नये.

ट्रक व मालवाहू कंपन्या यांसाठीं १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा आला व तो २०११ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें दाव्यापूर्वीं, आणि माल नोंदविल्यापासून १८० दिवसांचे आंत, लेखी नोटीस पोंचविली पाहिजे. ही मुदत माल हरवल्याच्या दिवसापासून धरावयाची नसून नोंदणीच्या दिवसापासून धरावयाची आहे. टपालाची गोष्ट याहून कडक आहे. १८९८ च्या कायद्याच्या जागीं १८ जून २०२४ पासून नवा टपाल कायदा लागू झाला. परंतु नियमानें जेवढी जबाबदारी पत्करली असेल तेवढीच टपाल खात्यावर, हें तत्त्व नव्यांतही कायम आहे. सबब मौल्यवान वस्तु टपालानें पाठवितांना विम्याचे चार पैसे वांचवूं नयेत.

विकत मागविलेल्या मालाविषयीं आणखी एक दार उघडें आहे. बियाणें विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांचे आंत तक्रार करितां येते, आणि १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो. मात्र पत्ता आपणच चुकीचा दिला होता कीं विकणाऱ्यानें चुकीचा लिहिला, याचा निवाडा आधीं आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें करावा.

भरपाई कोठपर्यंत

बियाणें गेलें म्हणून सबंध पिकाची किंमत मिळेल अशी आशा धरूं नये. करार कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणें, करार करतेवेळीं दोन्ही पक्षांस ज्या नुकसानीची कल्पना होती, किंवा जी सहज व स्वाभाविकपणें होते, तेवढीच भरून मागतां येते. याच कलमाखालीं गिरणीच्या यंत्राचें एक उदाहरण दिलें आहे : यंत्रावांचून गिरणी बंद आहे असें वाहकास सांगून यंत्र सोंपविलें, व त्यानें अकारण उशीर केला, तर बंद काळांतील सरासरी नफा मिळेल; परंतु त्यामुळें हातचा गेलेला सरकारी मक्ता मिळणार नाहीं. यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा कीं, नोंदणीच्या वेळींच "पेरणीचें बियाणें, अमुक तारखेपूर्वीं पोंचविणें अवश्य" असें पावतीवर लिहवून घ्यावें आणि खरी किंमत जाहीर करावी. न सांगितलेली निकड कायद्यास दिसत नाहीं.

परत आलेला माल पारखून घ्यावा

पार्सल परत मिळाल्याच्या आनंदांत तें तसेंच शेतांत नेऊं नये. बियाण्याच्या पिशवीचें सील, खूणचिठ्ठी व लॉट क्रमांक बिलाशीं ताडून पाहावा. सोयाबीनचें कवच पातळ असतें. आदळआपट व ओल यांनीं त्याची उगवण झपाट्यानें घटते. म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत ठेवावे व उगवलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर पेरावयास हरकत नाहीं. कमी उगवले तर तो आंकडा दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावा, तक्रारीस उपयोगी पडेल. पिशवी फुटकी किंवा ओली दिसली तर घेतांनाच पावतीवर तसा शेरा मारावा व फोटो काढावा.

आधींची खबरदारी

पत्ता लिहितांना स्वतःचें, वडिलांचें नांव व आडनांव, वस्ती किंवा वाडी, गांव, टपाल, तालुका, जिल्हा, पिन कोड व मोबाइल क्रमांक इतकें सर्व असावें, आणि तेंच एका चिठ्ठीवर लिहून पार्सलाच्या आंतही घालावें. वरचें लेबल पावसांत निघालें तर आंतील चिठ्ठी बोलते. आपल्या गैरहजेरींत माल कोणी घ्यावा हें आणणाऱ्यास आधीं लेखी कळवावें. वाण्याच्या दुकानीं ठेवा असें आपणच सांगितलें असेल, तर तेथें दिलेला माल आपणांसच दिल्यासारखा होतो, हें विसरूं नये.

गांवोगांवच्या सोसायट्यांनीं आपल्या कचेरींत पार्सलांची एक साधी वही ठेवली तर पुष्कळ काम होईल. तारीख, कोणाचें पार्सल, कोणी आणलें, पावतीचा क्रमांक व नेणाऱ्याची सही, एवढे पांच रकाने पुरेत. पेरणीच्या दोन महिन्यांत ही वही नेमानें लिहिली गेली, तर पार्सल कोणाच्या घरीं गेलें हें शोधण्यांत दिवस जाणार नाहींत, भाऊबंदांत वितुष्ट येणार नाहीं, आणि बियाणें ज्याच्या शेतासाठीं निघालें त्याच्याच शेतांत वापशावर पडेल.