पाणी ओसरल्यावर : मदतीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. 2025 च्या सप्टेंबरात सीनाकाठी आणि मराठवाड्यात पुराने उभ्या पिकाबरोबर शेतातली मातीही खरडून नेली. दरवेळी पहिले आठ-दहा दिवस सगळ्या राज्याचं लक्ष त्या गावांकडे असतं. घर, शेत आणि दुकान पुन्हा उभं राहायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात आणि त्या काळात चुकीच्या समजुतींची किंमत आपत्तीग्रस्त कुटुंबच मोजतं. कुणाचा अर्ज राहतो, कुणी नको त्या पाण्याने आजारी पडतं, कुणी मिळणाऱ्या रकमेच्या चुकीच्या अंदाजावर कर्ज काढतं. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

‘बाहेरून पथक येईल, तेच वाचवेल’

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. तिथले जवान जिवावर उदार होऊन काम करतात, यात शंका नाही. पण रस्ते तुटलेले असताना कुठलंही पथक पोहोचायला तास जातात आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसासाठी तेच तास मोलाचे असतात. जपानमध्ये 17 जानेवारी 1995 ला कोबेला भूकंप झाला, तेव्हा जिवंत बाहेर निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. 1993 च्या भूकंपात किल्लारीतही पहिले हात आसपासच्या गावांतल्या लोकांचेच होते.

यातून निघणारा निष्कर्ष नीट समजून घ्यायला हवा. शेजारी पहिला येतो, म्हणून त्याच्या हातात साधनं हवीत. 2019 च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे जीव गेले. गावाकडे बोट असणं पुरेसं नाही. लाइफ जॅकेट, चालवणाऱ्याचं प्रशिक्षण आणि किती माणसं बसवायची याची शिस्त, हे सगळं पाऊस सुरू होण्याआधी ठरलेलं असायला हवं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक घराघरात लिहिलेले असावेत, तेही भिंतीवर उंच जागी.

‘मृतदेहांमुळे साथ पसरते’

ही भीती इतकी खोलवर रुजलेली आहे की तिच्यापोटी घाईघाईने, ओळख न पटवता सामूहिक अंत्यसंस्कार उरकले जातात. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका यावर स्पष्ट आहे. भूकंपात, पुरात किंवा दरडीखाली दगावलेली माणसं इजेमुळे आणि गुदमरून गेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. त्यांच्या देहांमुळे साथ उद्भवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात मृतदेह पडला असेल तर तो काढून पाणी निर्जंतुक करायला हवं, आणि देह हाताळणाऱ्यांना हातमोजे हवेत, एवढंच. घाई केल्याने कुटुंबाला शेवटचं दर्शन मिळत नाही, आणि ओळख न पटल्यामुळे मृत्यूचा दाखला, वारसाची मदत, बँकेचे व्यवहार सगळंच अडकतं.

साथ येते ती पाण्यातून. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने शहराला ग्रासलं. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल होणं ही लक्षणं बहुधा पाण्यात उतरल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर माणूस पूर विसरून कामाला लागलेला असतो आणि ताप अंगावर काढतो. चिखल काढताना गमबूट घालावेत आणि ताप आला तर ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की पाणी शुद्ध झालं, असंही गावात मानलं जातं. उघड्या, ओलसर पोत्यातल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून गेलेला असतो, आणि गढूळ पाण्यात तो गाळातच खर्ची पडतो. आधी गाळ बसू द्यावा, मग टीसीएल टाकावी, तासभर थांबावं आणि शेवटच्या नळावर क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करावी. क्लोरीन तिथे दिसला तरच ते पाणी पिण्याजोगं समजायचं.

‘कपडे पाठवले की मदत झाली’

देणाऱ्याच्या भावनेचा मान राखूनच हे लिहायला हवं. आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग येतात. ते निवडायला, वाटायला आणि उरलेले हलवायला माणसं लागतात, आणि ती माणसं त्या वेळी दुसरीकडे हवी असतात. घरात चिखल भरलेल्या कुटुंबाला खराटे, फावडी, जंतुनाशक पावडर, सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, ताडपत्री, जनावरांना चारा आणि मुलांना वह्या-पुस्तकं लागतात. नगद पैसे सगळ्यांत उपयोगी, कारण ते त्याच गावातल्या किराणा दुकानात खर्च होतात आणि दुकानही सावरतं. पाठवण्याआधी तिथल्या ग्रामपंचायतीला किंवा काम करणाऱ्या संस्थेला काय हवंय ते विचारून घ्यावं. आणि काही देणगी दोन महिन्यांनी द्यावी. तेव्हा ट्रक थांबलेले असतात, गरज थांबलेली नसते.

‘पंचनामा झाला, आता भरपाई येईल’

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त मनस्ताप या एका वाक्यात आहे.

पहिली गोष्ट, सरकार देतं ती नुकसानभरपाई नसते. ते सहाय्य असतं, पुन्हा उभं राहायला दिलेला हात. केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार पीक किमान 33 टक्के वाया गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये ठरले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती एकरी साडेतीन हजारांच्या आतच पडत होते. सोयाबीनचं बियाणं, खत आणि मशागत यांचा हिशोब मांडला की ही रक्कम कुठवर पुरते ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. राज्य सरकार स्वतःची भर घालून दर वाढवू शकतं. महाराष्ट्राने 2022 मध्ये जिरायतीसाठी हेक्टरी 13,600 रुपये, तीन हेक्टरपर्यंत दिले होते. पण ती वाढ दरवेळी वेगळ्या शासन निर्णयाने होते, आपोआप होत नाही. म्हणून टीव्हीवर ऐकलेल्या आकड्यावर भिस्त ठेवून सावकाराकडे जाऊ नये. शासन निर्णय वाचावा किंवा वाचून घ्यावा.

दुसरी गोष्ट, ‘ओला दुष्काळ जाहीर झाला की सगळं मिळेल’ आणि ‘राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा’ या मागण्या. लोकांची वेदना खरी आहे, पण या दोन्ही नावांची तरतूद नियमांत नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एखादी घटना ‘राष्ट्रीय आपत्ती’ म्हणून घोषित करण्याची पद्धतच नाही. मदत मिळते ती ‘अतिवृष्टी’, ‘पूर’, ‘दरड’ अशा नोंदींवर. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी, आणि 2023 मध्ये राज्याने सततच्या पावसाचाही यात समावेश केला. म्हणून आपल्या मंडळातलं पर्जन्यमापक नीट चालतं का, त्याची नोंद काय, हे विचारणं मोठ्या घोषणेची वाट पाहण्यापेक्षा अधिक कामाचं आहे. केंद्राचं पथक येऊन गेल्याशिवाय पैसा हलत नाही, हेही खरं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के आधीपासून असतात. पथकाची पाहणी त्यावरच्या जादा मदतीसाठी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र पंचनामा करतात. आता त्यांची पदनामं बदलली असली तरी गावात याच नावांनी त्यांना ओळखतात. पंचनाम्यासाठी चिखल तसाच ठेवायचा, असा समज आहे. त्याने घरात रोगराई येते. तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढावेत, पाण्याची भिंतीवरची खूण टिपावी, शेजाऱ्याला साक्षीला घ्यावं आणि घर साफ करायला लागावं. पंचनाम्यानंतर यादी तयार होते. त्या यादीत आपलं नाव, गट क्रमांक, क्षेत्र बरोबर आहे का ते ग्रामपंचायतीत जाऊन बघावं. आधार बँक खात्याशी जोडलेलं नसेल किंवा ई-केवायसी राहिली असेल, तर मंजूर पैसाही अडकतो. पीक विमा ही यापासून पूर्णपणे वेगळी वाट आहे. एक मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही, आणि एकाचा अर्ज दुसऱ्याला चालत नाही. 2023 ची एक रुपयातली विमा योजना 2025 च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाईचे निकष बदलले, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये.

आणि ज्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं ती माणसं : खंडाने किंवा वाट्याने शेती करणारे, शेतमजूर, भाड्याच्या खोलीत राहणारे. पीक वाट्याने करणाऱ्याचं जातं, पण सातबारा मालकाच्या नावावर असतो आणि मदत तिकडे वळते. कष्ट एकाचे आणि खातं दुसऱ्याचं, हा अन्याय आहे आणि तो धोरणात दुरुस्त व्हायला हवा. तोवर गावाने ग्रामसभेत हा विषय घ्यावा, मालकाने आपणहून वाटा द्यावा आणि रोजगार हमीची कामं लगेच मागावीत. मागितल्याशिवाय ती सुरू होत नाहीत.

‘रडून मोकळं झालं की मन सावरतं’

धक्का बसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा ‘काय घडलं ते सांग’ म्हणणं त्याच्या भल्याचं नसतं. त्याला आधी सुरक्षित जागा, जेवण, घरच्यांची खबर आणि सोबत हवी. बोलायचं तेव्हा तो बोलेल, आपण ऐकायला हवं. बहुतेक माणसं अशा आधारावर हळूहळू सावरतात. महिना उलटूनही झोप नाही, पावसाच्या आवाजाने थरकाप होतो, दारू वाढली, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर उपचार हवेत. टेली मानस या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

‘सिमेंटचं घर म्हणजे मजबूत घर’

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावं झोपलेली असताना, किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत आकड्यांप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, आणि वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं मातीचा थर चढत गेलेला. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना एकत्र बांधणारे आडवे दगड नव्हते, त्यामुळे त्या फाकल्या आणि वरचं ओझं झोपलेल्यांवर आलं. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभाच राहिला.

लोकांनी यातून दगड वाईट आणि सिमेंट चांगलं, एवढाच धडा घेतला. पण 2001 च्या कच्छच्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या कितीतरी इमारती कोसळल्या. घर वाचतं ते जोडण्यांमुळे, भिंतीला गुंफणाऱ्या आडव्या पट्ट्यांमुळे आणि छत हलकं ठेवल्यामुळे. दगडाचं घरही असं मजबूत करता येतं. किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांबद्दल आपण खूप ऐकतो. सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही.

नव्या गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. जुनी विषमता नव्या भिंतींत पुन्हा बांधली गेली. गल्ल्या गेल्या, सरळ रुंद रस्ते आले आणि शेजार विरळ झाला. संपूर्ण गाव हलवणं हा नेहमीच सर्वांत चांगला उपाय, ही समजूत किल्लारीच्या अनुभवापुढे टिकत नाही. दरडीखालची वाडी हलवायलाच हवी, पण दुरुस्ती शक्य असेल तिथे ती स्वस्त, वेगवान आणि गाव एकत्र ठेवणारी ठरते.

दुरुस्तीच्या कामात सुरुवातीला मोठी अडचण समजुतीची होती. घरमालकाने हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून काम स्वतः करून घ्यायचं होतं. लोक मात्र ‘सरकार येऊन बांधून देईल’ म्हणून बसून होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे 1,300 गावांत स्थानिक बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. हप्ता कधी मिळतो, कोपऱ्याला पट्टी कशी बसवायची, अभियंत्याला काय विचारायचं, हे त्या घरोघरी सांगत. ज्यांना आजवर घराबाहेरच्या बैठकीत बसवलं जात नव्हतं, त्या बायका गवंड्याचं काम तपासू लागल्या. 2001 मध्ये कच्छ हादरलं तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या, आणि 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही. नुकसान सोसलेल्या बायकांशी त्या सोसलेल्या बाईच्या नात्याने बोलल्या : यादी कशी तपासायची, बैठक कशी भरवायची, घराच्या कामावर स्वतः लक्ष कसं ठेवायचं.

आज पूररेषेतल्या आणि दरडीच्या पट्ट्यातल्या गावांतही बचत गट आहेत. त्यांच्या हाती पूर येण्याआधीच ही माहिती दिली, पंचनाम्याच्या वेळी त्यांच्यातल्या दोघीजणी सोबत फिरल्या आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तर वगळलेलं कुटुंब त्याच दिवशी कळतं. यादीतल्या दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात तहसील कार्यालयात देता येतो.