नोंद अचूक, तर उपाय अचूक

मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. येथील दूरच्या पाड्यांवरून ऐन पावसाळ्यात गरोदर मातेला दवाखान्यात नेणे सोपे नसते. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या अर्भकांचा प्रश्न येथे म्हणूनच विशेष जिव्हाळ्याचा आहे.

गर्भावस्थेच्या २८ आठवड्यांनंतरचे उपजत मृत्यू आणि जन्मानंतरच्या पहिल्या सात दिवसांतील मृत्यू यांची बेरीज करून, उपजत धरून झालेल्या एकूण हजार जन्मांमागे तिचे प्रमाण काढले जाते. क्षणभर श्वास घेऊन गेलेले मूल मात्र पुष्कळदा ‘उपजत मृत’ समजले जाते. वस्तुतः १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार अशा बालकाचा जन्म आणि मृत्यू या दोन्हींची नोंद आवश्यक आहे. उपजत मृत्यू गरोदरपणातील व प्रसूतीतील उणिवांकडे बोट दाखवितो. तर जन्मानंतरच्या मृत्यूमागे गुदमरणे, अपुरे दिवस वा जंतुसंसर्ग अशी कारणे असतात. नोंद चुकली, की उपायही चुकतो.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात शिशूंच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत हीच पद्धती अवलंबिली गेली.

बारशापूर्वीच गेलेल्या बाळाचीही गावाने नोंद केली पाहिजे. त्या नोंदीतूनच पुढचे बाळ वाचविण्याचा मार्ग सापडेल.