शेऱ्यांवरचे शेरे

प्राध्यापकाला ऑनलाइन शिकवण्यासाठी तयार करायचं म्हणजे सॉफ्टवेअर शिकवायचं, हा समज २०२०च्या टाळेबंदीत पक्का झाला. वर्ग कसा उघडायचा, परीक्षा कशी लावायची, हे घाईघाईने शिकवून प्रमाणपत्रं दिली गेली. त्या वेळची निकड खरी होती. पण शिकणारा आणि शिकवणारा एका खोलीत नसताना शिक्षकाला कसं सांभाळायचं, याचा विचार ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने त्याच्या अर्धशतक आधी केला होता. शिक्षकाला एकदा शिकवून मोकळं व्हायचं नाही, तो काम करत असताना त्याचं काम वाचत राहायचं, असं तिचं उत्तर होतं. बीबीसीवरच्या तिच्या पाठांचं कौतुक खूप झालं. माझ्या लेखी तिची खरी कमाई ही व्यवस्था आहे.

१९६९मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१मध्ये शिकू लागले. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी. अभ्यासक्रम लिहिणारं पथक वेगळं आणि विद्यार्थ्याला हाताशी धरणारा ट्यूटर वेगळा. हा ट्यूटर देशात कुठेही राहणारा, अर्धवेळ, पुष्कळदा दुसरीकडे नोकरी करणारा. विद्यार्थ्याने पाठवलेली असाइनमेंट तो तपासायचा, समासात शेरे लिहायचा आणि ‘पीटी३’ नावाच्या फॉर्मवर एकंदर अभिप्राय द्यायचा. तपासलेले कागद मिल्टन कीन्सच्या मुख्यालयातून पुढे जात. तिथे गुणांची नोंद होई आणि काही नमुने मॉनिटर म्हणून नेमलेल्या अनुभवी सहकाऱ्याकडे पोचत. गुण सढळ पडलेत की आखडते, हे तो पाहीच. पण हे शेरे वाचून विद्यार्थ्याला पुढचं उत्तर अधिक चांगलं लिहिता येईल का, हेही पाही. समासात नुसतं ‘विस्तार हवा’ लिहून भागत नसे; कुठे आणि कसा, हे सांगावं लागे. नवख्या ट्यूटरचे नमुने अधिक वाचले जात, मुरलेल्याचे कमी. दूरशिक्षणात बऱ्याच विद्यार्थ्यांसाठी शिक्षक म्हणजे त्याचे शेरेच असतात, म्हणून प्रशिक्षणही तिथेच करायला हवं, हे या व्यवस्थेने ओळखलं होतं.

संगणकावरच्या चर्चा आल्या तेव्हाही हीच दृष्टी टिकली. याच विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये काम करताना गिली सॅमन यांनी पाच पायऱ्यांची मांडणी केली. २०००मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आधी आत शिरता येणं, मग एकमेकांची ओळख, माहितीची देवघेव, एकत्र विचार आणि शेवटी स्वतःच्या शिकण्याकडे पाहणं. नव्या ट्यूटरांना त्यांनी ऑनलाइन चर्चेतच विद्यार्थी म्हणून बसवलं. आपल्या मजकुराला कुणीच उत्तर देत नाही तेव्हा काय वाटतं, हे असं बसल्याशिवाय उमगत नाही.

शिक्षकाचं काम वाचत राहण्याच्या या व्यवस्थेवर पहिला आक्षेप पाळतीचा. प्राध्यापकाच्या कामात कुणी का डोकवावं? हा आक्षेप हलका नाही. मॉनिटरचा अभिप्राय बढती रोखण्याचं हत्यार झाला, तर शेरे जपून लिहिले जातील आणि निरुपयोगी होतील. म्हणूनच वाचणारा त्याच विषयाचा, स्वतः तपासणी करणारा सहकारी हवा. शिवाय बंद दाराआडचं स्वातंत्र्य शिक्षकाला एकटंही पाडतं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक बोचरा आहे. एक व्हिडिओ लाखोंना पुरतो, ट्यूटर मोजक्यांनाच पुरतो. पण खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोचतात, हे सर्वत्र दिसलं आहे. स्वस्त व्हिडिओचा हिशेब करताना ही गळती धरली जात नाही.

आपल्याकडे १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, आणि तिथल्या उद्बोधन व उजळणी वर्गांची सांगड बढतीशी घातली गेली. प्राध्यापक काही आठवडे येतो, ऐकतो, परततो. पुढे वर्गात काय बदललं हे त्या केंद्राला कळण्याची सोय नसते. नाशिकला १९८९मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे अभ्यासकेंद्रं आहेत, तिथे मार्गदर्शन करणारे समंत्रक आहेत, म्हणजे सांगाडा तयार आहे. प्रत्येक समंत्रकाने तपासलेले चार-सहा स्वाध्याय दर सत्रात दुसऱ्या जाणत्या समंत्रकाने वाचावेत आणि त्या वाचनाचं मानधन मिळावं, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मानधनाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. खुद्द ओपन युनिव्हर्सिटीतले ट्यूटर वर्षानुवर्षं एकेका अभ्यासक्रमापुरत्या करारावर होते. चार हजारांहून अधिक ट्यूटरांना कायम करार मिळायला २०२२ उजाडलं. पुढच्या वर्षी काम असेल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून शेरे सुधारण्याची अपेक्षा किती दिवस करायची?