दंडाचा व्यायाम, दुखणं मात्र कोपराखाली

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला सहा आठवडे उरले असताना २३ वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला. सकाळी मैदानावर पळायचं आणि संध्याकाळी जिमला जायचं, असा त्याचा पाच महिन्यांचा क्रम होता. आठवड्यातून चार दिवस तो सरळ बार घेऊन बायसेप्स कर्ल मारत होता. सुरुवातीला व्यायाम झाल्यावर कोपराखालचा हात तासभर ठणकायचा. मग सेट चालू असतानाच दुखू लागलं. तेही वजन उचलताना कमी आणि खाली आणताना जास्त. आता भरलेली बादली उचलवत नव्हती आणि गोळा हातात घेतला की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जात होती.

"मॅडम, मित्राने कोपरात इंजेक्शन घेतलं, तीन दिवसांत मोकळा झाला. मीही घेऊ का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

अशी मुलं आता दर आठवड्याला दिसतात. भरतीची तयारी करणारी असतात, नोकरी लागल्यावर जिम सुरू केलेली असतात, चाळिशीनंतर डॉक्टरांनी 'वजनं उचला' म्हणून सांगितलेलीही असतात. व्यायाम केलाच पाहिजे, यात वाद नाही. पण दंड कमावताना कोपराखालचा हात का धरतो आणि धरल्यावर काय करायचं, हे समजून घेतलं तर बरेच महिने वाया जायचे वाचतात.

दुखणं खाली का येतं?

बायसेप्स हा स्नायू दंडात दिसतो, पण त्याचं खालचं टोक कोपराच्या पुढे जाऊन 'रेडियस' या हाडाला चिकटतं. कोपर वाकवणं आणि तळहात वरच्या दिशेला फिरवणं, अशी दोन कामं तो करतो. म्हणजे कर्ल मारताना ताण फक्त दंडावर येत नाही.

दुसरी गोष्ट पकडीची. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहा. तळहाताच्या बाजूचे स्नायू तर ताठ होतातच, पण मागच्या बाजूचेही होतात. बोटं मिटताना मनगट आत दुमडू नये म्हणून मागचे स्नायू त्याला मागे ओढून धरतात. तळहाताच्या बाजूचे बरेचसे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाला, तर मागचे बरेचसे बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. त्यामुळे घट्ट पकड घेतली की ओढ थेट कोपराच्या दोन्ही बाजूंना बसते.

आता जिममधला आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी पाठ, मंगळवारी बायसेप्स, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी पुलअप. कागदावर हे वेगवेगळ्या स्नायूंचे दिवस आहेत. कोपराखालच्या हाताच्या दृष्टीने मात्र रोज पकडीचाच दिवस असतो. त्याला सुट्टी मिळतच नाही.

त्यात सरळ बारची भर पडते. सरळ बार धरला की दोन्ही तळहात पूर्ण वर वळलेले राहतात आणि मनगटाला इकडेतिकडे फिरायला जागा उरत नाही. प्रत्येकाच्या कोपराचा नैसर्गिक कोन थोडा वेगळा असतो. ज्याला तो बार सोसत नाही, त्याच्या हातातल्या दोन हाडांवर आणि मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूवर पीळ पडतो. नागमोडी वळणाचा 'ईझेड बार' किंवा डंबेल वापरल्यावर अनेकांचं दुखणं कमी होतं, ते यामुळेच.

स्नायू पुढे, दोरी मागे

स्नायूला हाडाशी बांधणारी जी चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, कंडरेला कमी. नवीन माणूस जिमला लागला की पहिल्या काही आठवड्यांत त्याची ताकद झपाट्याने वाढते. मेंदू आणि नसा स्नायूंकडून अधिक चांगलं काम करून घ्यायला शिकतात, मग स्नायूही भरू लागतो. कंडरेला मात्र त्याच वजनाची सवय व्हायला कित्येक महिने लागतात.

घोळ होतो तो इथेच. 'उचलतंय ना, मग वाढव' असं म्हणून दर आठवड्याला प्लेट चढवली जाते. स्नायूला ती पेलते, दोरीला पेलत नाही. तालमीत नव्या पोराच्या हाती वस्ताद पहिल्याच दिवशी मुद्गलांची जड जोडी देत नाही. हलक्या जोडीवर हात बसला की मगच पुढची. ही शिस्त कंडरेच्या हिशेबात अगदी चोख बसते.

नेमकं कुठे दुखतं?

कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखत असेल आणि तळहात जमिनीकडे ठेवून खुर्ची किंवा भरलेली किटली उचलताना कळ येत असेल, तर ते बहुधा 'टेनिस एल्बो' असतं. १८८३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन टेनिस एल्बो' या नावाने त्यावर लिहिलं गेलं आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. कपडे पिळणाऱ्या, स्क्रू पिळणाऱ्या आणि जिमला जाणाऱ्यांचंही हे दुखणं आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. पुलअप आणि मनगट आत वळवून मारलेले कर्ल याला जास्त कारणीभूत होतात. अंगठ्याच्या रेषेत, कोपराखालच्या गुबगुबीत भागात दुखत असेल, तर 'हॅमर कर्ल' किंवा तळहात खाली ठेवून केलेले कर्ल जास्त झालेत का, ते पाहावं. आणि हाताच्या मधोमध, करंगळीच्या रेषेतल्या हाडावर बोट ठेवून 'इथेच' असं दाखवता येत असेल, तर थांबावं. सतत कर्ल मारणाऱ्यांत या 'अल्ना' हाडाला बारीक तडा गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत.

आधी काय बंद करायचं, काय नाही

पूर्ण विश्रांती हा बहुतेकांचा पहिला उपाय. पंधरा दिवस हात बांधून ठेवला की दुखणं शांत होतं, जिमला परतलं की चौथ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. कारण विश्रांतीत दोरी मजबूत होत नाही, उलट थोडी आणखी सैलावते. तिला भार हवाच असतो, फक्त तिला झेपेल एवढा.

त्यासाठी साधं माप आहे. दुखणं ० ते १० मध्ये मोजा. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात नेहमीसारखा असला, तर भार योग्य आहे. सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर काल जास्त झालं. वजन कमी करा, व्यायाम सोडू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत सरळ बार बाजूला ठेवा. डंबेल घेऊन, अंगठा वर ठेवून कर्ल करा. तेही दुखत असेल तर दंडाचे व्यायाम तेवढ्यापुरते थांबवा. वजन निम्म्यावर आणा. मनगट मागे किंवा पुढे दुमडू देऊ नका, ते हाताच्या रेषेत सरळ राहू द्या. बार गरजेपेक्षा जास्त आवळू नका. पकडीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणा. पाय, पोट आणि पळणं मात्र चालू ठेवा.

हात पुन्हा बांधायचा क्रम

बाहेरच्या बाजूचं दुखणं असेल तर हात टेबलावर ठेवा, तळहात खाली आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर. हातात हलकं डंबेल किंवा पाण्याची बाटली घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मनगट सरळ ठेवून ४५ सेकंद तसंच धरा. दोन मिनिटं थांबा. असं पाच वेळा, दिवसातून एकदा. आतल्या बाजूचं दुखणं असेल तर हेच तळहात वर करून करा. यात हालचाल नसते, म्हणून दुखऱ्या हातालाही ते बहुतेक वेळा सोसतं.

आठ-दहा दिवसांनी हालचाल सुरू करा. वजन दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्या आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद मोजत सावकाश खाली आणा. १५ वेळा, तीन सेट, दिवसाआड. सोपं वाटू लागलं की अर्धा किलो वाढवा. साधारण सहा ते बारा आठवडे हे करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दोरीला मजबूत करणारा भाग हाच.

बर्फाने दुखणं तात्पुरतं सुन्न होतं. कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावायला हरकत नाही. पण बर्फ म्हणजे इलाज नाही. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि हात उंच ठेवणं हे चतुःसूत्र १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिरकिन यांनीच २०१४ मध्ये बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. 'नस चढली' म्हणून दुखऱ्या जागी जोरात रगडून घेणं टाळा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन जिमला जाऊ नका. दुखणं हा इशारा असतो, तो बंद करून वजन उचललं की दोरीचं नुकसान कळतच नाही. शिवाय घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

आणि ते इंजेक्शन?

टेनिस एल्बोत कोपरात देतात ते बहुधा कॉर्टिकोस्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. सुरुवातीचे काही आठवडे त्याने खरोखर बरं वाटतं, मित्राचा अनुभव खोटा नव्हता. प्रश्न पुढचा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोक पूर्ण बरे किंवा बरेच बरे होते. स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ८३ टक्के होतं. दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के, तर न घेतलेल्यांत १२ टक्के होतं.

जिममध्ये चोरून विकली जाणारी 'स्टेरॉइड' वेगळी. ती स्नायू भराभर फुगवतात, दोरी मात्र तिथेच राहते. म्हणजे मूळ दुखण्याचं कारणच दुप्पट होतं. हृदय, यकृत आणि संप्रेरकांवर होणारे परिणाम वेगळेच.

वाट न पाहता डॉक्टरांकडे जा

वजन उचलताना कोपरात 'फट्' असा आवाज झाला, पुढच्या बाजूला निळंकाळं पडलं आणि बायसेप्सचा गोळा वर सरकल्यासारखा दिसला, तर कंडरा तुटलेली असू शकते. शस्त्रक्रिया लागलीच तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते. बोटांना मुंग्या, बधिरपणा किंवा हातातून वस्तू सुटणं हे नस दबल्याचं लक्षण असतं. हाडावर एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, तरी तपासून घ्या.

खूप व्यायामानंतर हात टणक सुजला आणि लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंड बंद पाडू शकतात. डाव्या हातात कळ आणि त्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर तो जिमचा दुखावा समजून घरी बसू नका.

मधुमेह असलेल्यांच्या कंडरा लवकर धरतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकंही कंडरेला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर तसा ठळक इशारा छापायला लावला. ही औषधं चालू असतील तर जड वजनं टाळा आणि दुखायला लागताच डॉक्टरांना कळवा.

त्या मुलाचं काय झालं?

त्याला मी इंजेक्शनबद्दलची आकडेवारी सांगितली आणि एक प्रश्न विचारला: "मैदानी चाचणी किती गुणांची?" त्याला पाठ होतं. "५० मॅडम. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५."

"मग यात कर्लला किती?"

तो गप्प बसला. छाती मोजतात, दंडाचा घेर कुणी मोजत नाही. ३५ गुण पायांचे होते आणि पाय ठणठणीत होते. सहा आठवडे त्याने कर्ल पूर्ण बंद ठेवले. संध्याकाळचा वेळ पळण्याला, पायांच्या व्यायामाला आणि बाटली धरण्याच्या त्या कंटाळवाण्या क्रमाला दिला. चौथ्या आठवड्यात हलका गोळा घेतला, शेवटच्या आठवड्यात ७.२६ किलोचा. चाचणीच्या दिवशी दुखणं शून्यावर नव्हतं, दोनवर होतं. गोळा त्याच्या नेहमीच्या फेकीपेक्षा थोडा आत पडला, पण धावण्यात त्याने ती कसर भरून काढली.

आता तो पुन्हा कर्ल मारतो. बार नागमोडी आहे, आठवड्यातून दोनच दिवस आणि प्लेट महिन्याने चढते. दंड पूर्वीइतका लवकर भरत नाही, अशी त्याची तक्रार आहे. हात मात्र दुखत नाही.